डस्टर डिझेलचा टायमिंग बेल्ट घरच्या पोर्चमध्ये: टेन्शनर, वॉटर पंपासकट (इंदूर)

सुदामानगरचा_सदू
मंडळी, नमस्कार. गाडी रेनॉ डस्टर, १.५ डिझेल, ८५ पीएसची, २०१५ सालची. एमपी ०९ पासिंग. मामांकडून घेतली. मीटर ८२ हजारांवर आहे. मामांनी सर्व्हिसची झाडून सगळी बिलं फाइलला लावलीत, पण टायमिंग बेल्ट बदलल्याचा कागद कुठेच नाही. म्हणजे कारखान्यातून आलेला बेल्टच अजून चालतोय. किलोमीटरची मर्यादा अजून गाठलेली नाही, वर्षांची मात्र केव्हाच उलटून गेली.

पुढच्या महिन्यात पुण्याला लग्न आहे. गाडीत आई, मावशी, दोन पोरं आणि सामान. भेरूघाट आणि सेंधव्याचा बिजासन घाट या बेल्टच्या भरवशावर उतरायची छाती होत नाही.

मला हे काम घरी करायचंय. ब्रेक पॅड, ग्लो प्लग, सस्पेन्शनची लिंक रॉड हे सगळं मी स्वतः केलंय, पण इंजिनाच्या टायमिंगला अजून हात लावलेला नाही. पोर्च पक्का आहे, फरशी सपाट आहे, रविवार मोकळा आहे. पैसे वाचवायचे नाहीत असं म्हणणार नाही, पण खरं कारण वेगळं आहे. एका वर्कशॉपमध्ये विचारलं तर "फक्त बेल्ट टाकून देतो, बाकी ठीक असतं" म्हणाले, आणि काम करताना उभं राहू देणार नाही म्हणाले. मग मन उडालं.

काय काय बदलू? अवजारं कोणती लागतील? आणि हा वेडेपणा असेल तर तसंही सांगा.

पोहेजलेबी
भिया, वेडेपणाच आहे. पण धागा वाचत राहणार.

सावधान_विश्राम
सदू, स्पष्ट सांगतो, राग मानू नकोस. ब्रेक पॅड चुकला तर आवाज येतो, आपण परत खोलतो. इथे आवाज येतो तेव्हा काम आटोपलेलं असतं. मजुरीत जेवढं वाचवशील त्याच्या कैक पट पैसे हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवण्यात जातील. आमच्या एका मित्राच्या डिझेल गाडीचा बेल्ट महूच्या अलीकडे तुटला. टोइंगपासून व्हॉल्व्हपर्यंतचं बिल पाहून त्याने गाडीच विकली. एखादा भला मिस्त्री गाठ, किट स्वतः विकत आणून दे आणि शेजारी स्टूल टाकून बस.

जुना_फिटर
विश्रामचं म्हणणं चुकीचं नाही, पण त्यात अर्धीच गोष्ट आहे. सदू, आधी मशीन समजून घे, मग ठरव.

क्रँक म्हणजे पिस्टन फिरवतात तो खालचा दांडा, कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा वरचा. क्रँकच्या दोन फेऱ्या झाल्या की कॅमची एक व्हायला हवी. बेल्ट हे एवढंच करतो, पण त्याला ते मिनिटाला हजारो फेऱ्यांवर, न चुकता करावं लागतं. डिझेलमध्ये कॉम्प्रेशन जास्त, म्हणून पिस्टन वर आला की त्याचा माथा आणि उघडा व्हॉल्व्ह यांच्यात जागाच उरत नाही. बेल्ट तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो आणि गाडी गिअरमध्ये असल्यामुळे क्रँक फिरतच राहतो. वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हला ठोकतो. व्हॉल्व्ह वाकतात, गाइड जातात, कधी पिस्टनलाही मार बसतो. बेल्ट तुटायलाच हवा असंही नाही. दोन-चार दाते सरकले तरी तेच.

आता रबराबद्दल. हे सायकलच्या ट्यूबचं रबर नव्हे, हायड्रोजनेटेड नायट्राइल असतं, आणि आत काचेच्या धाग्यांच्या दोऱ्या असतात. म्हणून बेल्ट लांबत नाही. पण तो दुमडला किंवा पिळला तर आतले धागे मोडतात आणि वरून काही म्हणजे काही दिसत नाही. नवा बेल्ट खोक्यातून काढून उलटा करून बघायची लोकांना फार हौस असते. तू हात आवर. आणि रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. तुझ्या गाडीनं आपले उन्हाळे उघड्यावर काढले असतील तर ८२ हजारांच्या आकड्यावर जाऊ नकोस.

आता काय बदलायचं ते. बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि वॉटर पंप, तिन्ही. तुझ्या इंजिनात (के९के म्हणतात त्याला) वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो. पंपाचं बेअरिंग धरलं किंवा सील गळून बेल्टवर कूलंट आलं तर नवा बेल्टही जुन्यासोबत जाईल. पंप बदलायला तेवढंच खोलावं लागतं, मग दुसऱ्यांदा का खोलायचं? "बाकी ठीक असतं" म्हणणाऱ्याला बेअरिंग कानाने ऐकता येत नाही, एवढंच त्यातून कळलं.

चौथी वस्तू लोक विसरतात: अल्टरनेटर आणि एसीचा बाहेरचा बेल्ट, त्याच्या टेन्शनरसह. हा बेल्ट क्रँकच्या बाहेरच्या पुलीवर असतो. तो झिजून त्याचे धागे सुटले, तर ते पुलीच्या मागून टायमिंग कव्हरच्या आत ओढले जातात आणि धडधाकट टायमिंग बेल्टलाही दात्यांवरून उचलतात. काढलेला बाहेरचा बेल्ट पुन्हा लावायचा नाही, कितीही नवा दिसो.

पीथमपूरची_मुक्ता
मी सुट्या भागांच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर आहे, त्यामुळे बोल्ट हा माझा रोजचा विषय. फिटरकाकांनी भागांचं सांगितलं, मी कसण्याचं सांगते. या कामात घोटाळा होतो तो तिथेच.

क्रँक पुलीचा मधला बोल्ट नवाच घ्यायचा. तो आधी ठराविक टॉर्कवर (पिळाच्या जोरावर) आणि मग ठराविक अंशांत कसतात, म्हणजे बोल्ट मुद्दाम थोडा ताणला जातो. एकदा ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा तीच पकड देत नाही. या इंजिनाच्या एम१४ बोल्टला १२० न्यूटन-मीटर आणि त्यावर ९५ अंश असा हिशेब आहे. काही इंजिनांत एम१२ बोल्ट येतो, त्याचा आकडा वेगळा. आपला बोल्ट कोणता ते हातात घेऊन बघायचं आणि आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यायचा, धाग्यावरून नाही. माझ्या या पोस्टवरूनसुद्धा नाही.

दुसरी गोष्ट क्वचितच कुणी सांगतं. ही पुली, तिच्यामागची टायमिंगची दातेरी पुली आणि क्रँकचं टोक हे सगळं त्या एका बोल्टच्या दाबानं एकत्र धरलेलं असतं. तिथे तेलाचा ओशटपणा राहिला तर पुली घसरू शकते आणि टायमिंग गेलं म्हणजे इंजिन गेलं. क्रँकचं टोक, पुलीचं भोक आणि टेकणाऱ्या सगळ्या बाजू ब्रेक क्लीनरनं कोरड्या ठक्क करून घ्यायच्या. बोटानं पुसून "झालं" म्हणू नकोस, बोटालाही तेल असतं.

तिसरं म्हणजे टॉर्क रेंच दोन लागतात. मोठा रेंच २५-३० न्यूटन-मीटरच्या खाली भरवशाचा नसतो, आणि टेन्शनरचा, पंपाचे छोटे बोल्ट नेमके तिथेच असतात. अॅल्युमिनियममधले आटे गेले तर रविवार संपला.

बडोदेकर
इंदुरातलं मला माहीत नाही, पण आमच्याकडे नकली किट सर्रास मिळतात हे सांगून ठेवतो. खोक्यावर नाव मोठ्या कंपनीचं आणि आत बेअरिंग कुणा भलत्याचंच. चांगल्या कंपन्या आता खोक्यावर तपासणीचा कोड छापतात. दुकानातच मोबाइलनं स्कॅन करायचा, घरी आल्यावर नाही. बेल्टवरचा भाग क्रमांक वाच, जुन्या बेल्टचे दाते मोज, नव्याचे मोज, रुंदी जुळव. दुकानदार हसला तर हसू दे. आणि "सेकंड क्वालिटी चालेल का?" असं कुणी विचारलं तर दुकानातून बाहेर पड.

सुदामानगरचा_सदू
काका, मुक्ताताई, बडोदेकर, खूप आभार. विश्रामदादा, राग कसला, तुम्ही म्हणता तेच आईही म्हणते.

किट छोटी ग्वालटोलीतून घेतलं, कोड स्कॅन करून. दुकानदार खरंच हसला. बोल्ट आणि बाहेरचा बेल्ट वेगळा मागवला. ब्रेक क्लीनर आणि कोन मोजायची चकती सियागंजमध्ये मिळाली. लहान टॉर्क रेंच मुक्ताताई देणार आहेत असं मी गृहीत धरलंय.

पीथमपूरची_मुक्ता
देईन, पण कॅलिब्रेशनचा स्टिकर काढलास तर परत घेणार नाही.

भेरूघाट
इथे इनोव्हावाला कुणी बोलला नाही म्हणून मी. माझी जुनी २.५ डिझेल आहे. तिच्या मीटरवर टी-बेल्टचा पिवळा दिवा लागतो, म्हणजे गाडीच आठवण करून देते. वॉटर पंप तिच्यात टायमिंग बेल्टवर नाही, बाहेरच्या पट्ट्यावर पंख्यासोबत फिरतो, म्हणून तीन वस्तूंचा नियम तिथे जसाच्या तसा लागू होत नाही. टेन्शनर हायड्रॉलिक आहे. तो वाइसमध्ये हळूहळू, अगदी हळूहळू दाबून भोकात पिन घालायची. घाई केली की आतलं सील जातं. इंजिन गाडीच्या लांबीत बसवलेलं असल्यामुळे समोरून मोकळी जागा मिळते. डस्टरसारखं माउंट काढावं लागत नाही. एकूण सदूपेक्षा माझं काम सोपं, पण मी ते मिस्त्रीकडूनच करून घेतलं. मला पोरांसोबत रविवार हवा होता, एवढंच कारण.

सुदामानगरचा_सदू
एक शंका, काम सुरू करण्याआधी. क्रँकचा बोल्ट सोडवताना इंजिन फिरू नये म्हणून काय करायचं?

पोहेजलेबी
एवढंच ना? सहाव्या गिअरला टाक आणि हँडब्रेक जोरात ओढ.

जुना_फिटर
पोहे, तुम्ही पोहेच खा. ८५ पीएसला सहावा गिअर नाही, पाचच आहेत. आणि ही गाडी पुढच्या चाकांवर चालते, हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो. हँडब्रेक कितीही ओढला तरी क्रँक फिरतच राहील. सगळ्यात वरचा गिअर घालायचा आणि सीटवर कुणाला तरी बसवून फूटब्रेक गच्च दाबून धरायला सांगायचं. उजवं चाक काढलेलं असलं तरी डिस्क आणि कॅलिपर जागेवरच असतात, ब्रेक धरतो.

आणि एक गोष्ट कधीही करायची नाही. काही मिस्त्री बोल्टवर लांब दांडा लावून चॅसिसला टेकवतात आणि सेल्फ मारतात. बोल्ट सुटतो खरा, पण तो बोल्टच तुझी टायमिंगची पुली धरून आहे हे मुक्तानं वर सांगितलंय. पुली सुटताना इंजिन फिरत असेल तर पुढचं तू समजून घे.

क्रँक आणि कॅमसाठी भोकांत घालतात त्या पिना टायमिंगची जागा धरायला असतात, इंजिन अडवायला नाहीत. पिन लावून बोल्टवर जोर दिलास तर पिन वाकते किंवा ब्लॉकचा आटा जातो.

सुदामानगरचा_सदू
रविवार, सकाळ. सुरुवात लवकर केली, कारण अकरानंतर पोर्चमध्ये ऊन येतं आणि इंजिन पूर्ण थंड हवं होतं.

आत्तापर्यंत: बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. पुढचा उजवा भाग स्टँडवर, चाक आणि आतलं प्लॅस्टिकचं लायनर काढलं. कूलंट घमेल्यात उतरवलं. बाहेरचा बेल्ट काढला. सम्पखाली (इंजिनाच्या तळाच्या तेलटाकीखाली) ट्रॉली जॅक, मध्ये लाकडी फळी, आणि मग उजवं इंजिन माउंट काढलं. आईनं फूटब्रेक दाबला ("किती वेळ रे?" असं मधूनमधून), बोल्ट लांब दांड्यानं कडकन आवाज करून सुटला. मग तो पुन्हा हातानं बसवला, इंजिन फिरवता यावं म्हणून. वरचं कव्हर निघालं.

आता अडलंय. ब्लॉकवरचा छोटा प्लग काढून क्रँकची पिन आत बसवली. क्रँक फिरवला, पिनेला टेकला. पण कॅमच्या पुलीचं भोक हेडच्या भोकासमोर आलेलं नाही. थेट उलट्या बाजूला आहे. बेल्ट आधीच चुकीचा बसवलेला होता का?

जुना_फिटर
घाबरू नकोस, काही चुकलेलं नाही. क्रँक दोन फेऱ्या घेतो तेव्हा कॅम एक घेतो, म्हणजे क्रँक वर आला की अर्ध्या वेळा कॅम उलट्या बाजूलाच असतो. पिन परत काढ. क्रँक घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, उजव्या चाकाच्या बाजूनं बघून, जवळजवळ पूर्ण एक फेरी फिरव. आता नजर क्रँकवर नाही, कॅमच्या भोकावर ठेव. ते हेडच्या भोकाच्या थोडं अलीकडे आलं की थांब, क्रँकची पिन बसव, आणि मग अगदी हळू फिरवत पिनेला टेकव. त्याच वेळी ८ मिलिमीटरची पिन कॅममधून हेडमध्ये सरळ जायला हवी. ढकलून, ठोकून नाही.

उलटं फिरवून जुळवायचा मोह होईल. फिरवू नकोस. पुढे गेलं तर पुन्हा दोन फेऱ्या.

आणि जुना बेल्ट उतरवण्याआधी फोटो काढ: कॅम, हाय-प्रेशर (डिझेलच्या) पंपाची पुली, क्रँक. प्रत्येकाचे तीन, वेगवेगळ्या कोनांतून.

सुदामानगरचा_सदू
गेली! दोन्ही पिना गेल्या. काका, तुमचे पाय कुठे आहेत?

सावधान_विश्राम
आता बेल्ट उतरवल्यावर क्रँक आणि कॅम वेगवेगळे फिरवायचे नाहीत, एवढं लक्षात ठेव. आणि गाडी गिअरमध्ये असेल तर न्यूट्रल कर. शेजारच्या पोरानं गाडीला धक्का दिला तरी पिस्टन हलतात.

(काम करू नकोस म्हणणारा मीच दर तासाला धागा उघडतोय.)

सुदामानगरचा_सदू
न्यूट्रल केली. जुना बेल्ट आणि पंप उतरले. जे दिसलं ते लिहितो, कारण मला ते आधी वाचायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

बेल्ट लांबून बघितला तर निरोगी. दाते शाबूत, दोऱ्या सुटलेल्या नाहीत. पण पाठ वाकवून उजेडात धरली तर बारीक, समांतर भेगा दिसतात, नखानं चाचपल्या तर जाणवतात. एका कडेला काळी चकाकी आलीय, म्हणजे तो थोडा एका बाजूला सरकून चालत होता. टेन्शनरची पुली बोटानं फिरवली तर भिंगरीसारखी फिरत राहिली आणि आतून कोरडा खरखर आवाज आला. नवी पुली मात्र जड फिरते आणि लगेच थांबते. आतलं ग्रीस शाबूत असल्यानं तसं होत असावं. पंपाच्या पोटाशी जे छोटं भोक असतं त्याच्याखाली वाळलेल्या कूलंटचा ओघळ होता, खडूसारखा, जुना. गळती सुरू झालेली होती, फक्त जमिनीवर थेंब पडण्याइतकी नव्हती.

त्या वर्कशॉपचं "बाकी ठीक असतं" आठवलं.

पीथमपूरची_मुक्ता
टेन्शनरचं निरीक्षण बरोबर आहे. मोकळा फिरणारा जुना बेअरिंग चांगला वाटतो, तो तसा नसतो.

पंपाची बसायची जागा प्लॅस्टिकच्या पातीनं खरवड, स्क्रू ड्रायव्हरनं नाही. अॅल्युमिनियमवर ओरखडा म्हणजे पुढची गळती. किटमध्ये गॅस्केट आलं असेल तर तेच, त्यावर सिलिकॉनचा थर नको. बोल्ट तिरप्या क्रमानं, थोडे थोडे कस.

जुना_फिटर
आता बेल्ट घालताना. क्रँकपासून सुरू कर, मग बाकीच्या पुल्या, शेवटी टेन्शनर. बेल्टवर छापलेल्या रेघा असतील तर त्या पुल्यांच्या खुणांशी जुळव, आणि बाणाची दिशा बघ. ज्या बाजूनं क्रँक बेल्टला ओढतो ती बाजू तंग हवी, सैलपणा सगळा टेन्शनरकडे. बेल्ट दात्यावर चढत नसेल तर पेचकसानं उचकायचा नाही. टेन्शनर थोडा अजून मागे घे, येईल.

टेन्शनरला छोटा सूचक काटा असतो. अॅलन की घालून काटा खाचेसमोर आण, बोल्ट धर. बाहेरची पुली नव्या बोल्टनं कस, पण त्याआधी दोन्ही पिना काढ. ते झाल्यावर दोन्ही पिना बाहेर आहेत याची खात्री कर. हातानं, पान्यानं, घड्याळाच्या दिशेने दोन पूर्ण फेऱ्या. दोन का? दोन झाल्या की कॅमची एक पूर्ण होते आणि सगळ्या खुणा परत आपापल्या जागी येतात. कुठे कडक लागलं तर थांब. कॉम्प्रेशनचा जोर हळूहळू येतो आणि सुटतो. व्हॉल्व्हला लागलेला पिस्टन एकदम थांबतो, लोखंडावर लोखंड. हा फरक हाताला लगेच कळतो, म्हणूनच हे काम सेल्फनं करायचं नाही.

मग पिना परत घालून बघ. दोन्ही सरळ गेल्या पाहिजेत. टेन्शनरचा काटा हलला असेल तर पुन्हा जुळव, पुन्हा दोन फेऱ्या. नव्या बेल्टला बसायला एवढं लागतंच.

भेरूघाट
काका, हे तुम्ही लिहिलंय ते माझ्या मिस्त्रीला प्रिंट काढून देणार आहे. त्यानं किती फेऱ्या मारल्या ते मी बघितलंच नव्हतं.

सुदामानगरचा_सदू
झालं. टेन्शनरचा काटा पहिल्या दोन फेऱ्यांनंतर थोडा हलला होता, जुळवला, परत फिरवलं, मग जागेवर राहिला. पिना दोन्ही वेळा बोटानं गेल्या. क्रँकचा बोल्ट त्याआधीच १२० वर कसला होता आणि मग ९५ अंश. अंशांच्या वेळी आईच्या जागी शेजारचे पैलवान बसले होते ब्रेकवर, तरी दांडा धरून घाम फुटला. माउंट, कव्हर, लायनर, चाक. बॅटरी जोडली.

किल्ली फिरवण्याआधी अंगणात सगळे गोळा झाले होते. पहिल्या सेल्फला चालू. आवाज एकसारखा, दिवा एकही नाही. शिट्टी नाही, खरखर नाही.

पोहेजलेबी
इंदूरभर जीरावन वाटा रे!

जुना_फिटर
शाबास. पण वाटावाटी नंतर, कूलंटची हवा आधी. पंप बदलला की आत हवा अडकते. हीटर पूर्ण गरमवर, ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा) उघडून टाकी वरपर्यंत भर, धार बुडबुड्यांशिवाय आली की स्क्रू बंद. मग इंजिन चालू ठेव, रेडिएटरचा पंखा लागून बंद होईपर्यंत तापमानाकडे लक्ष. हीटरमधून गरम हवा आली नाही तर आत अजून हवा आहे. थंड झाल्यावर पातळी परत बघ. गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही, एवढं तुला सांगावं लागू नये.

पाणी डिस्टिल्डच. नर्मदेचं नळाचं पाणी प्यायला गोड असलं तरी रेडिएटरमध्ये क्षार साठवतं. आणि दोन रंगांची कूलंटं एकत्र करू नकोस, मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच भर.

पीथमपूरची_मुक्ता
घमेल्यातलं जुनं कूलंट झाकून ठेव, आत्ताच्या आत्ता. ते इथिलीन ग्लायकॉल आहे, चवीला गोड असतं, गल्लीतली कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. गटारात ओतायचं नाही. डब्यात भर, वर नाव लिही आणि कचरागाडीत घातक कचऱ्याच्या खान्यात दे, नाहीतर एखाद्या गॅरेजला विचार, ते जुन्या तेलासोबत घेतात.

सुदामानगरचा_सदू
झाकलं, डब्यात भरलं. हीटर गरम. संध्याकाळी राऊपर्यंत चक्कर मारून आलो, कूलंट जागच्या जागी, खाली थेंब नाही. लांबच्या प्रवासाआधी बाहेरच्या बेल्टचा ताण आणि पंपाभोवतीचा भाग परत बघतो. टायमिंग कव्हरवर पांढऱ्या पेनानं तारीख आणि किलोमीटर लिहिलेत.

सावधान_विश्राम
अभिनंदन, सदू. माझं मत मात्र अजून तेच आहे: प्रत्येकानं हे करू नये. तू केलंस कारण तू प्रत्येक पायरीला थांबून विचारलंस आणि दिवस मोकळा ठेवला होतास. संध्याकाळी गाडी लागणारच असेल त्यानं सकाळी हे काम हाती घेऊ नये.

तपकिरी_डस्टर
उशिरा आलो. माझी २०१४ ची पेट्रोल १.६ आहे, तिलाही बेल्टच आहे म्हणे. हीच पद्धत चालेल का?

जुना_फिटर
बेल्टच आहे, पण हीच पद्धत चालणार नाही. तुमच्या इंजिनात दोन कॅम आहेत. त्यांच्या मागच्या टोकांवरचे प्लास्टिकचे बूच फोडून काढावे लागतात, ते परत वापरता येत नाहीत, नवे आणून ठेवायचे. टोकांना आडव्या खाचा असतात. त्या दोन्ही एका रेषेत, मध्याच्या खालच्या बाजूला आल्या की त्यांत पट्टी घालून कॅम धरतात. पट्टीशिवाय अंदाजानं करू नका. तुम्ही वेगळा धागा काढा, तिथे फोटो टाका, मी येतो.